आधीचा फोटो

जयभीमनगरातल्या बायांनी त्या रविवारी पोरं अशी घासली की काहींच्या माना लाल झाल्या.

आदल्या संध्याकाळी दीपमाला घरोघर सांगून गेली होती, "उद्या जालन्याहून संस्थेची माणसं येऊन राह्यली. पोरं स्वच्छ पाहिजेत. वंदनेला येत्यात तशी, पांढऱ्या कपड्यात." वस्तीच्या नळाला तेव्हा आठवडाभर पाणी नव्हतं. जाफराबाद तालुक्यातल्या या गावात गावठाणाच्या नळाला पाणी येतं आणि वस्तीच्या नळाला हवा येते. त्याचं कुणाला नवल वाटत नाही, हेच खरं नवल. कारभारी पाटलाच्या मळ्यात मोटर चालू होती, तिथून बायांनी अंधार असतानाच हंडे वाहिले. सदऱ्यांना नीळ दिली, पोरींच्या डोक्याला तेल चोपडलं, नखं ब्लेडनं काढली आणि मग स्वतः पारोश्या अंगानं कापूस वेचायला निघून गेल्या. पाहुण्यांसमोर पोरगं मळकं दिसलं तर लोक बोटं दाखवतात, ते या बायांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

दीपमाला म्हणजे गिरिजाबाईची पोरगी. डीएड होऊन बसलेली, भरती निघायची वाट बघत. वस्तीतल्या विहारात ती संध्याकाळी पोरांची शिकवणी घ्यायची, फुकट. विहार पक्कं आहे, पंखा आहे, फळा आहे. संडास नाही, मुतारी नाही. पोरं भिंतीमागं जातात. मोठ्या पोरींनी कुठं जायचं? मागं जायला एकच वाट, पुलाजवळून, आणि पुलावर अंधार पडला की गावातले दारू घेऊन बसतात. म्हणून पोरींनी इलाज काढला होता: दुपारपासून पाणी प्यायचंच नाही.

प्रीती दहावीला होती. गणितात अशी की दीपमालाच कधीकधी तिच्याकडून उदाहरण तपासून घ्यायची. भादव्यात तिला थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्त गेलं. जाफराबादच्या डॉक्टरनं औषध दिलं, वर म्हणाला, पाणी भरपूर पी. तिची आई शालू त्याच रात्री विहाराच्या पायरीवर येऊन बसली.

"दीपे, पोरगी हुशार हाय ते मला कळतं. पण मेली तं मी हुशारी काय चाटू? दिवाळीपस्तोर मुतारी कर. न्हाई तं पोरगी माझ्यासंगं कापसाला."

म्हणून दीपमालानं नवीन जालन्यातल्या त्या संस्थेला अर्ज केला. एका बियाणं कंपनीची संस्था. तिथल्या अर्पिता मॅडम फोनवर गोड बोलल्या. "मुलींसाठी टॉयलेट, पाण्याची टाकी, दोन्ही बसतं आमच्या योजनेत. आधी आपण हात धुण्याचा कार्यक्रम घेऊ. फोटो वर हैदराबादला जातात, मग मंजुरी."

हे एवढं होतं. एक मुतारी आणि एक टाकी. त्यावर एका पोरीची दहावी अडकली होती.

जीप आली. पिवळ्या टी-शर्टातले स्वयंसेवक उतरले, बॅनर उतरलं, साबणाची खोकी, पाण्याचे जार, बिस्किटं उतरली. बॅनर थेट बुद्धाच्या मूर्तीसमोर बांधायला निघाले तेव्हा विहार समितीचे अप्पाराव म्हणाले, "आधी जोडे काढा. मंग काय बांधायचं ते बाहीर बांधा." पोरं ओळीनं बसली होती. पांढरीशुभ्र. एकसुरात "जय भीम, मॅडम" म्हणाली.

हरिओम नावाचा पोऱ्या कॅमेरा घेऊन ओळीपुढून दोनदा गेला आणि मान हलवत परत आला.

"मॅडम, आधीचा फोटो कशाचा काढू? ही पोरं तं लग्नाला निघाल्यावानी दिसून राह्यली."

अर्पिता मॅडमनी दीपमालाला बाजूला घेतलं. पेपर फुटल्यावर सुपरवायझरचं होतं तसं तोंड झालं होतं त्यांचं.

"तुम्ही यांना आंघोळी घातल्या?"

"पाहुणे येणार म्हटल्यावर घालत्यात, मॅडम."

"अहो, पण मग आम्ही बदल कसा दाखवायचा? वरती दोन फोटो लागतात. आधीचा आणि नंतरचा. तुमचा आधीचाच नंतरचा झालाय."

"मंग नंतरचाच दोनदा पाठवा."

मॅडम हसल्या, पण तोंडानंच. "दीपमाला, मी तुमच्या बाजूची आहे. मीही खेड्यातलीच आहे. पण स्वच्छ पोरं बघून वरचे म्हणतील, यांना कशाला काय द्यायचं? थोडं मातीत खेळू द्या ना. पोरंच आहेत. लगेच धुऊ."

दीपमालानं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिला प्रीती दिसली. ती मदतीला आली होती आणि खांबाला टेकून उभी होती. कुण्या स्वयंसेवकानं तिला पाण्याची बाटली दिली होती. तिनं सील तोडलं नव्हतं.

दीपमाला ओळीपुढं आली. "पोरांनो, उठा. हापशाजवळच्या खड्ड्यात जाऊन खेळा."

कुणी हललं नाही. पोरांना वाटलं, ही परीक्षा आहे.

"ताई, मातीत?" बबलूनं विचारलं.

"हां. मातीत."

"अंगाला लागंल."

"लागू दे."

शेवटी बुद्धभूषण म्हणाला. पहिलीतला, सगळ्यात बारका. "ताई, माय मारंल."

"मी सांगते तुझ्या मायला. जा."

आणि मग जे झालं ते बघायला वाईट नव्हतं, खोटं कशाला बोला. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं, आणि ताईनंच परवानगी दिलेला चिखल! बबलूनं पहिली उडी मारली, त्याच्या मागं सगळी. नीळ दिलेले सदरे, पोरींचे फ्रॉक, तेल लावलेल्या वेण्या. एकमेकांना लोळवून पोरं खिदळत होती. अडचण एवढीच झाली की खिदळणारं पोरगं बिचारं दिसत नाही.

"हसू नका रे!" हरिओम ओरडला. "ए चड्डीवाल्या, तोंड बंद. नाकाखाली लाव जरासं. हां. आता इकडं बघ, भूक लागल्यासारखं."

"भूक न्हाई लागली," बबलू म्हणाला. "बिस्किटं देणार का?"

"मंग देतो. आधी हसायचं बंद कर."

आवाज ऐकून अप्पाराव बाहेर आले. "हे काय चालू हाय?"

"बाबा, मुतारीसाठी," दीपमाला खाली बघत म्हणाली.

"मुतारीसाठी पोरायच्या तोंडाला चिखल?"

म्हाताऱ्यानं विहाराचं दार ओढून घेतलं. आत फक्त मूर्ती होती.

फोटो झाले. मग हात धुण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तळहातावर तळहात, बोटांच्या मधे, नखं, मनगट, गाणं म्हणत. पण जार आणले होते हात धुण्यापुरते, आणि आता पोरं डोक्यापासून पायापर्यंत माखली होती. पुढची ओळ धुवून झाली, तिचा नंतरचा फोटो निघाला आणि पाणी संपलं. मागची पोरं साबण हातात धरून तशीच उभी राहिली. हापसा हापसून पाहिला एका स्वयंसेवकानं. नुसता खडखडला.

"घरी जाऊन धुतील," मॅडम म्हणाल्या. जेवायची वेळ झाली होती. जीप निघून गेली.

संध्याकाळी बाया रानातून आल्या. वस्तीत असा गलका बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. बुद्धभूषणला मार बसला, कारण त्याच्या मायला सांगायला दीपमाला पोचेपर्यंत उशीर झाला होता. गिरिजाबाई घरात शिरली तेव्हा दीपमाला भाकरी थापत होती.

"मी पहाटं हंडे वाहून कोणाची तोंडं धुतली गं?"

"माय, त्यायला तसे फोटो पाहिजे होते."

"आन तू देल्ले."

"प्रीतीसाठी देल्ले."

गिरिजाबाईनं विळा कोपऱ्यात फेकला. "शंभर वर्षं ते आपल्याला घाण म्हणत आले. तव्हा चिखल तरी त्यायला स्वतःच्या हातानं फेकावा लागायचा."

दीपमाला भाकरी थापत राहिली. तिच्याजवळ एकच जबाब होता, मुतारी. ती झाली की सगळ्यांची तोंडं बंद होतील. ती झालीच नाही.

दिवाळीच्या आधी तिनं फोन लावला. अर्पिता मॅडम आनंदात होत्या.

"तुमचे फोटो फार आवडले वरती! तुमची वस्ती आम्ही पूर्ण वर्षभर घेतली आहे. सवय-बदल कार्यक्रम. दर महिन्याला आमची टीम येईल, साबणाचे किट, आईंचे मेळावे..."

"आन मुतारी?"

"बांधकाम सध्या नाही. कमिटीचं म्हणणं पडलं की प्रश्न सोयीचा नाही, सवयीचा आहे. फोटो बघून ते म्हणाले, या लोकांना बांधून दिलं तर वापरणार कोण? आधी सवय लागू दे."

"मॅडम, ती पोरं स्वच्छ होती. तुम्ही बघितली."

"ते मला माहिती आहे हो. पण फोटो फोटो असतो."

"मंग वरच्यायला सांगा ना तसं. चिखलात आपण पाठवली म्हणून."

आवाजातला गोडवा काढून ठेवून मॅडम म्हणाल्या, "आपण नाही, दीपमाला. चिखलात जा म्हणून तुम्ही सांगितलं. आमच्याकडे व्हिडिओ आहे. मी काही म्हणत नाही, पण तुमचंच नाव खराब होईल."

अशी माणसं वाईट असतात असं लोक म्हणतात. वाईट माणूस परवडला. तो निदान शिवी देऊन जातो. हे साबण देऊन जातात.

पुढच्या महिन्यात ठरल्याप्रमाणं जीप आली. फाट्यावर धूळ दिसली तशी पोरं ओरडली, "जीप आली, जीप आली!" आणि कुणी न सांगता हापशाजवळच्या खड्ड्याकडं पळत सुटली. बबलूनं आधी स्वतःच्या नाकाखाली लावलं, मग बारक्यांच्या. "हसू नका रे!" तोच सगळ्यांना दटावत होता. "हसलं तं बिस्किट न्हाई."

दीपमाला विहारातून धावत आली. तिनं बबलूच्या कानाखाली वाजवली. पोरगं बघतच राहिलं, आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. मग ती तशीच वाटेत जाऊन जीपपुढं उभी राहिली.

"वळवा."

"दीपमाला, अहो, असं काय करता?" मॅडम खाली उतरल्या. "किट तरी वाटू द्या. पोरं बघा कशी झाली आहेत."

"तुम्हीच केली तशी. वळवा म्हणते ना."

"तुमची वस्ती यादीतून जाईल. पुन्हा येणार नाही."

"तुम्ही आला व्हता तव्हा काय देल्लं?"

हरिओमनं कॅमेरा वर केला होता. अप्पाराव काठी टेकत त्याच्यापुढं येऊन उभे राहिले. त्यानं कॅमेरा खाली घेतला. जीप वळली. ती साबणं गावठाणात वाटली गेली, असं नंतर कळलं. बिस्किटं गेली म्हणून पोरं दोन दिवस ताईशी बोलली नाहीत.

प्रीती मात्र त्या दिवशी तिथं नव्हती. दिवाळी होऊन गेली होती आणि शालूनं सांगितलं तसं केलं होतं. शालूला दोष देणं सोपं आहे. ज्यांच्या घरात संडासाला पाणी आहे त्यांनी तो खुशाल द्यावा.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी दीपमालाला ती वाटेत भेटली. डोक्यावर कापसाचं गाठोडं, बोटं बोंडांनी चिरलेली. दीपमालानं परीक्षेच्या फॉर्मचं विचारलं नाही. हिंमत झाली नाही. म्हणाली, "तब्येत कशी हाय गं?"

"चांगली हाय, ताई." प्रीती खरंच बरी दिसत होती. गाल भरले होते. "दुखणं बिलकुल न्हाई आता. रानात पोटभर पाणी पेते."

"हो का?"

"हां. कापूस डोक्याइतका उंच हाय ना यंदा. कुठं बी बसता येतं."

ती गाठोडं सावरून पुढं गेली. विहारात पोरं पाढे म्हणत होती. दीपमाला आत जाऊन बसली, आणि बराच वेळ तिनं कुणाचा पाढा चुकला ते ऐकलं नाही.