शेवटचा फर्मा

वर्तमानपत्रात त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. उभी हयात पुस्तकांच्या पानावर परीक्षणं लिहिण्यात गेली. त्याने उचललेलं पुस्तक चालायचं, त्याने आपटलेल्याचा प्रकाशक महिनाभर तोंड लपवून फिरायचा. असा हा वाघ त्या दिवशी सकाळच्या चहाला बायकोसमोर पार गळपटला.

बायको वाचनालयातून आणलेली कादंबरी मिटून डोळे पुसत होती. “शेवटी ती बहीण परत येते ना, तिथे मला आवरलंच नाही हो.”

“कुठली बहीण?”

“अहो, परीक्षण तुम्हीच लिहिलंत ना?”

त्याने कपाटातून आपली प्रत काढली. नायिका दार लावून घेते आणि पुस्तक संपतं. बायकोच्या प्रतीत त्यापुढे अख्खा एक फर्मा होता, सोळा पानं. त्याच्या प्रतीत बांधणाऱ्याने तो घातलाच नव्हता. आणि या शहाण्याने परीक्षणात छापून काय आणलं होतं? ‘लेखिका बंद दाराशी थांबते, पुढे एक अक्षर नाही. असं धाडस विरळा.’

ती पानं त्याने उभ्याउभ्याच वाचली. बहीण येते, काही न बोलता पदर खोचून भांडी घासायला बसते. पुस्तकाचा सगळा जीव तिथे होता. नेमका त्याच संध्याकाळी दुसऱ्या आवृत्तीचा समारंभ होता आणि प्रमुख पाहुणा हाच.

“खरं सांगून टाका,” बायको म्हणाली.

“म्हणजे लोक म्हणतील, हा न वाचताच लिहितो. आजवरचं सगळं लिहिलेलं मातीत.”

सभागृहात कोणी हसलं तरी त्याला वाटे, आपल्यालाच हसले. लेखिका शाळेत गणित शिकवायची, हे तिचं पहिलंच पुस्तक. ती बोलायला उठली तेव्हा त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. आता गेली अब्रू.

“सरांनी शेवटच्या प्रकरणाचा उल्लेखसुद्धा केला नाही,” ती म्हणाली. “आधी वाईट वाटलं. मग कळलं, ते प्रकरण इतकं फसलंय की सरांनी ते नाहीच असं धरून लिहिलं. सर, नव्या आवृत्तीतून मी ते काढून टाकलंय.”

टाळ्या पडल्या. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचीच त्याला धडकी भरली. तो माइकपाशी गेला. खरं काय ते अगदी जिभेवर आलं होतं, पण समोर सगळे माना वर करून त्याच्याकडे बघत होते.

“धाडसी निर्णय आहे,” तो म्हणाला.

पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेत बायको तेवढी वाजवत नव्हती. वाचनालयाची प्रत मांडीवर उघडून ती शेवटचं पान वाचत बसली होती. लेखिकेची भीती आता उरली नव्हती. भीती होती ती घरी जाण्याची.