शेखरच्या होडीचे तीन दिवे

आशालताबाईंचं पत्र येऊन दोन वर्षं झाली होती आणि बंडोपंतांनी अजून उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र जेमतेम चार ओळींचं. शेखरदादाची होडी तुमच्याकडे आहे, तिचे दिवे अजून लागतात का, लागत असतील तर एकदा येऊन ती पाण्यावर पाहायची आहे, कळवावे. 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिहायचं होतं. पण सारा जन्म ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाला खात्री केल्याशिवाय 'हो' लिहवेना, आणि गेलेल्या जिवलग मित्राच्या बहिणीला 'नाही' लिहवेना.

खात्री करायलाच ते तेव्हा सूसहून मुळशीला आले होते. शिडाची ती जुनी फायबरची होडी धरणाच्या काठी, तुळजाबाईंच्या गोठ्यात लोखंडी गाड्यावर ठेवलेली असे. पंतांनी तिच्या एकेका वायरला क्रमांक दिला, सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या आणि ग्रंथालयातल्या सवयीने घरी शिजवलेल्या कणकेच्या खळीने त्या चिकटवल्या. खळीला कीड-उंदीर लागू नयेत म्हणून घालतात ते विषारी मोरचूद मात्र राहिलं. पंधरा दिवसांनी येऊन पाहतात तो उंदरांनी खळ खाल्ली, चिठ्ठ्या खाल्ल्या आणि तोंडी लावायला वायरीही खाल्ल्या.

"उंदरांना जेवण घातलंत ते घातलंत," तुळजाबाई म्हणाल्या होत्या, "पानांवर नंबर कशाला टाकले?"

त्यानंतर पंत तिकडे फिरकलेच नाहीत. यंदा तुळजाबाईंचाच फोन आला. म्हैस व्यायला झाली होती, जागा हवी होती. होडी तरी हलवा, नाहीतर तिच्यात वैरण भरते. पंत पुन्हा मुळशीला आले, तेव्हा वायरिंगला माणूसही बाईंनीच गाठून ठेवला होता.

हा माणूस म्हणजे कैलास. पौडपासून वर घाटापर्यंतचे ट्रॅक्टर त्याच्याच हातून दुरुस्त होत. होडी म्हणजे बिनचाकाचा ट्रॅक्टर, असं त्याने आल्याआल्या जाहीर केलं. ट्रॅक्टरच्या दिव्याला वायर एकच. दुसऱ्या वायरचं काम लोखंडी बॉडी करते. पंतांच्या पिशवीतल्या होड्यांच्या पुस्तकात मात्र स्पष्ट लिहिलं होतं की होडीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी लागतात. तिथे खूणही घातलेली होती. पण ज्याने उंदरांना पंगत वाढली, त्याने कैलासला काय शिकवावं? पंतांनी मनात तीनदा वाक्य जुळवलं आणि घसा खाकरला. कैलासने त्यांना पाणी दिलं.

होडीत लोखंड नाही म्हटल्यावर कैलास क्षणभर थांबला. मग खाली गाडा दिसला. त्याने बॅटरीचं एक टोक गाड्याला आवळलं, दिव्यांचं एकेक टोकही गाड्यालाच आवळलं आणि बटण दाबलं. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, डोलकाठीवर पांढरा. तुळजाबाईंनी होडीला हळदकुंकू वाहिलं. पंतांनी पोस्टकार्डावर लिहिलं, 'हो.'

मग ट्रॅक्टरने गाडा मागे रेटत पाण्यात नेला. होडी अलगद तरंगली, जराशी पुढे सरकली, वायरी ताणल्या आणि गाड्यावरून एकेक सुटत गेल्या. तिन्ही दिवे विझले.

होडी पाण्याला बुजली असेल, असं कैलास म्हणाला. मग त्याने उपाय काढला. दोर घेऊन तो गुडघाभर पाण्यात उतरला.

"गाडा होडीलाच बांधून टाकू," तो म्हणाला. "तोबी येईल संगं."

पंतांच्या डोळ्यांपुढे शेखरची होडी गाड्यासकट तळाला गेली.

"कैलासराव," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की आधी काठावरच्या म्हशीनेच मान वळवली. "फायबरला बॉडी नसते. दर दिव्याला दोन वायरी लागतात. आणि गाडा बुडतो."

कैलासच्या हातातला दोर तसाच राहिला.

"तुमाला कवापासून ठावं हाय ह्ये?"

"दोन वर्षांपासून."

"मग सकाळपास्नं बोलला का न्हाई?"

उत्तर तुळजाबाईंनीच दिलं. "त्यांचं तसंच हाय. काय इच्यारलं, तर दोन वर्सांनी उलगडत्यात."

कैलासला राग आला नव्हता. त्याने पुस्तक मागून घेतलं, ओल्या बोटाने पान उलटलं आणि उलटं धरून बराच वेळ आकृती पाहिली. पंतांनी ते हळूच सुलटं करून दिलं. आज एवढं बोललोच आहोत, तर हेही सही, असं त्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दुहेरी वायरींची होडी पाण्यात सोडली. काठापासून दूर गेली, वळली, परत आली, आणि तिन्ही दिवे लागलेलेच होते.

पंतांनी जुनं पोस्टकार्ड फाडून नवं पत्र लिहिलं. 'दिवे लागतात. पाण्यावरही लागतात. मी स्वतः पाहिले. या. उशिराला उंदीर आणि मी कारण. त्यात उंदरांचा वाटा कमी.' सूसला परतताना वाटेत पिरंगुटच्या पोस्टात ते शिरले. खिडकीतल्या मुलीने विचारलं, साधं पाठवू का, तीन-चार दिवस लागतील.

"नको, नको," पंत म्हणाले. "इतका उशीर बरा दिसत नाही. स्पीड पोस्ट करा."