बाहेरचा बाक

"आज पाणी प्यायलासुद्धा उठायचं नाही," पक्षाच्या प्रतोदांनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून बजावलं. "ठराव मताला आला की घंटा होईल. टक्कर अगदी काट्याची आहे, एकही मत गमावून चालणार नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली. ते जनावरांचे डॉक्टर. निवडून येण्याआधी सीमेलगतच्या गावांमधून त्यांनी किती अडलेल्या गाई-म्हशी सोडवल्या, त्याला गणती नव्हती. सभागृहात मात्र त्यांनी क्वचितच तोंड उघडलं असेल. 'आमचे डॉक्टर मुक्या जनावरांचे, आणि त्यांच्यातलेच एक,' असं उपाहारगृहात कुणी म्हटलं, की सगळ्यांबरोबर तेही हसत. पक्षाने सांगितलं तिथे हात वर करायचा आणि लोकांची कामं करून द्यायची, एवढंच त्यांचं राजकारण. आजचा ठराव तेवढा त्यांच्या काळजातला होता.

नदीकाठच्या सहा देशांची एक संघटना होती. तिचा नियम असा, की सहाही देशांनी हो म्हटलं तरच काम पुढे सरकणार. एकाने नाही म्हटलं की घोडं अडलं. दरवर्षी बैठक व्हायची, नेते एकमेकांचे हात धरून फोटो काढून घ्यायचे आणि महत्त्वाच्या सगळ्याचं भिजत घोंगडं पडायचं. रुग्णवाहिकांना सीमा ओलांडायची कायमची मुभा द्यावी, हाही त्यातलाच विषय. दर वेळी कुणीतरी एक जण त्यात खोडा घाली. आता हा नियमच बदलून बहुमताने निर्णय घ्यावेत, अशी सूचना पुढे आली होती. आपल्या देशाने तिला पाठिंबा द्यावा, असा आजचा ठराव होता.

डॉक्टरांची एकुलती एक लेक नदीपलीकडच्या देशात दिलेली होती. बाळंतपणात तिचं बिनसलं. मोठं हॉस्पिटल नदीच्या अलीकडे, पुलापासून हाकेच्या अंतरावर. तिकडची रुग्णवाहिका पुलाच्या मध्यावर येऊन थांबली, इकडची समोर उभी राहिली, आणि वरून परवानगी येईपर्यंत दोन्ही गाड्यांची दारं नुसती उघडी राहिली. लेक आणि मूल दोघंही तिथेच गेली. अडलेल्या म्हशीसाठी पुरात पोहत गेलेल्या बापाला तो पूल ओलांडता आला नाही.

आज बायको सकाळपासून रेडिओला खिळून होती. सभागृहातलं कामकाज आणि कुणी कुठे मत दिलं तेही त्यावर ऐकवणार होते. डॉक्टर निघाले तेव्हा ती म्हणाली होती, "बोलू नका एकवेळ. हात तेवढा वर करा."

दुपारी चर्चा रंगात आली असताना शिपाई चिठ्ठी घेऊन आला. वकिलांचा फोन होता. प्रतोदांकडे न बघता डॉक्टर उठले.

वकील हे समोरच्या बाकावरचे, म्हणजे विरोधी पक्षाचे, आणि डॉक्टरांचे जोडीदार. सभागृहाची ही जुनी प्रथा. दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी आपापसांत जोड्या लावायच्या. एखादा आजारपणामुळे किंवा घरच्या संकटामुळे येऊ शकला नाही, तर समोरच्या जोडीदाराने मतदानाच्या वेळी बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचं, म्हणजे कुणाचं पारडं उगाच जड होत नाही. हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. सगळा कारभार शब्दावर. डॉक्टर आणि वकील यांचं एका गोष्टीवर म्हणून एकमत नव्हतं, पण जोडी अशी टिकली होती, की बाकीचे त्यांना लग्नाच्या वाढदिवसाची तारीख विचारत.

"बायको जिन्यावरून पडली," वकील फोनवर म्हणाले. आवाज कोरडा होता. "डोक्याला मार आहे. ऑपरेशनला आत नेलंय. मी येत नाही."

"मी येऊ का तिकडे?"

"नको. तू आत जा. आजची जोडी मी सोडली, तुमच्या प्रतोदालाही कळवलंय. हा ठराव मला पटत नाही, तुला माहीत आहे. पण तुझ्या पोरीच्या आड मी येणार नाही."

डॉक्टर फोन ठेवून तिथेच उभे राहिले. लेक गेली त्या दिवशी सभागृहात अर्थसंकल्पावर मतदान होतं. डॉक्टर पुलावर आणि सरकार एका मताच्या दोरीवर. विरोधकांना सरकार पाडायची असली संधी पुन्हा येणार नव्हती. वकील निमूटपणे उठून बाहेरच्या बाकावर बसले आणि सरकार तरलं. त्यांच्या पक्षाने त्यांना कधी माफ केलं नाही. मध्यंतरी त्यांचं सरकार येऊन गेलं, तेव्हा कालची पोरं मंत्री झाली आणि वकील होते तिथेच राहिले. डॉक्टरांकडे त्यांनी याचा एका शब्दाने उल्लेख केला नव्हता.

जागेवर परतल्यावर डॉक्टरांनी समोर पाहिलं. वकिलांची खुर्ची रिकामी होती. ते आज असते तर काय बोलले असते, हे डॉक्टरांना तोंडपाठ होतं. चहाच्या टेबलावर हे भांडण शंभरदा झालं होतं. वकील म्हणायचे, आपला देश चिमूटभर. आज पाच जण मिळून एकाला गप्प बसवतील, उद्या तेच पाच आपल्याला बसवतील. नाही म्हणायचा हक्क ही लहानांच्या हातातली काठी आहे, ती टाकायची नाही. डॉक्टर एवढंच म्हणायचे, त्या काठीने माझी पोर मारली. मग दोघंही चहा संपवायचे.

डॉक्टरांना आज जिंकायचं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. वकिलांनी स्वतः मोकळं केलेलं, प्रतोदांना माहीत असलेलं. कुणी नावं ठेवायचा प्रश्नच नव्हता. पण ऑपरेशनच्या दाराबाहेर बसलेल्या माणसाची खुर्ची रिकामी आहे म्हणून आपलं खरं ठरायचं, तर तो इतकी वर्षं ज्याची भीती घालत होता तेच आपण करायचं.

घंटा झाली. लोक धावत आत येत होते आणि डॉक्टर एकटे त्यांच्या उलट चालले होते. दाराशी प्रतोदांनी त्यांचा दंड धरला.

"त्यांनी सोडलंय तुम्हाला. मला स्वतः सांगितलंय."

"त्याने सोडलं," डॉक्टर म्हणाले. "मी सोडलेलं नाही."

"अहो, बाकी कुणाचा नाही तर तुमच्या मुलीचा तरी विचार करा."

त्यांनी प्रतोदांचा हात हळूच बाजूला केला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दारं बंद झाली.

मतं समसमान पडली. अशा वेळी अध्यक्षांनी आहे ते तसंच ठेवण्याच्या बाजूने मत द्यायचं, असा रिवाज. त्यांनी तसं दिलं आणि ठराव पडला. बाहेर येणारे सदस्य डॉक्टरांच्या समोरून गेले. काहींनी नजर चुकवली, एक जण त्यांना ऐकू जाईल असं काहीतरी बोलला. प्रतोद थांबलेसुद्धा नाहीत.

डॉक्टर घरी पोचले तेव्हा रेडिओ बंद होता. बायको खिडकीपाशी बसली होती.

"तुम्ही आत नव्हता," ती म्हणाली.

"नव्हतो."

त्यांनी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तिच्या वेळी ते बाहेर बसले, आज तुम्ही बसलात. तुम्हा दोघांचं फिटलं. माझ्या पोरीचं काय?"

"दोघंही आत असतो तरी हाच निकाल लागला असता," डॉक्टर म्हणाले. ते खरं होतं आणि तिच्यासाठी त्याचा काडीचा उपयोग नव्हता, हे म्हणतानाच त्यांना कळलं. मग ते खुर्चीत बसले आणि लेक गेल्यापासून प्रथमच बायकोसमोर रडले. "मला जिंकायचं होतं गं," ते म्हणत राहिले. ती उठून जवळ आली नाही. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण ती आपल्या जागेवरच बसून राहिली.

मग डोळे पुसून तिने विचारलं, "त्यांची बायको कशी आहे?"

"निघताना फोन केला होता. ऑपरेशन झालं. अजून शुद्धीवर नाही."

ती स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचे आवाज येत राहिले. दिवेलागण झाली तेव्हा ती डबा घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यापुढे धरला.

"सकाळपासून पोटात काही नसेल त्यांच्या. देऊन या."

डॉक्टरांनी चपला घातल्या. "तू येतेस का?"

"नाही," ती म्हणाली. "डबा उद्याही देईन, परवाही देईन. मला चल म्हणू नका."

डॉक्टरांनी गरम डबा दोन्ही हातांत नीट धरला आणि जिना उतरू लागले. ती मागे दारात उभी होती. ते खाली पोचेपर्यंत तिने दार लावलं नाही.