म्हशीनं मोडलेली डोलकाठी

लातूर जिल्हा नुकताच झालेला, पाऊस दोन वर्षं गायब, आणि उदगीरच्या अलीकडच्या करडवाडीला एक बोअर पायजे होता. पाच अर्ज गेले, बोअर मंजूर करणारा साहेब काही आला न्हाई. मग किराणावाल्या संगप्पानं डोकं चालवलं. नवा साहेब रत्नागिरीकडचा हाय, असं कळल्याबरोबर त्यानं सहावा कागद धाडला. त्यात बोअरचं नावच न्हाई. 'आमच्या तलावात शिडाची नाव हाय. चालवणारा जाणकार न्हाई.' बस्स.

साहेबाचा उलट निरोप आला, रविवारी येतो!

नाव होती, खोटं कशाला बोला. एका इंजिनिअरानं हौसेनं आणलेली अन् बदली झाल्यावर इथंच टाकलेली. पण तलाव आटून मधी डबकं उरलेलं, आणि नावेच्या डोलकाठीला ग्यानोबानं म्हैस बांधलेली. म्हशीला गोमाशी चावली, म्हशीनं हिसका दिला, अन् बुडापासून वीतभरावर काठी काडकन मोडली.

"तू मोडलीस, तूच सांध," संगप्पा म्हणाला.

"म्या न्हाई, म्हशीनं."

"मग म्हशीला सांग! साहेब तसाच फिरून गेला तर बोअर बी गेला. बाया दोन कोसांवरून पाणी आणून राहिल्या. त्यांना मी छातीठोक सांगून बसलो ना!"

ग्यानोबाचा हात बैलगाड्या दुरुस्त करण्यात बसलेला. मोडक्या जुवाला करतो तेच त्यानं केलं. दोन्ही अंगांनी बाभळीच्या चिपा लावल्या, वरून ओल्या कातड्याची वादी करकचून गुंडाळली आणि दिली उन्हात. वादी सुकली की आवळते, लोखंडावानी बसते. संगप्पा कातड्याला शिवायचा न्हाई. लांबून हुकूम तेवढे सोडीत होता.

"आता हत्ती बांधा, आप्पा," ग्यानोबा म्हणाला. "बारा वर्षं माझी गाडी चालून राहिली असल्याच वादीवर."

रविवारी साहेब आला. काठीवर टकटक करून बघितलं. "हे काय?"

"निजामाच्या टायमाची पद्धत हाय, साहेब," संगप्पानं ठोकून दिलं.

साहेब खूश. बूट काढले, शीड चढवलं अन् निघाला की! काठावर टाळ्या. उतरला की खुशीत बोअर मागायचा, संगप्पानं मनात वाक्यबी जुळवलं.

पण दोन वर्षं उन्हात पडून नावेच्या फळ्या तडकलेल्या. फटींतून पाणी आत शिरलं, चढत चढत वादीपर्यंत गेलं. ग्यानोबाचं तोंड उतरलं.

"आप्पा, वादी भिजली की ढिली पडती."

"आरं, मग आधी का न्हाई बोललास?"

"माझी गाडी कधी पाण्यात चालली?"

तेवढ्यात डोलकाठीनं सावकाश मान टाकली. शीड साहेबाच्या डोक्यावर, नाव तळाशी, अन् साहेब कमरेएवढ्या चिखलात. संगप्पानं दुकानाकडं धूम ठोकली. गेला बोअर!

साहेब काळाभोर होऊन काठावर आला. "पाणी आणा! आंघोळीला पाणी!"

 मग ग्यानोबाची बायको गुणाबाई पुढं झाली. "साहेब, घरात थेंब न्हाई. दोन कोसांवर विहीर हाय. चला, दावते. जीप हायच तुमची."

साहेबानं तोंड उघडायच्या आत जीपमधी अकरा घागरी अन् सहा बाया बसल्या.

विहिरीवर ही रांग. साहेबाचा नंबर चौदावा लागला.

"मी साहेब आहे हो," तो म्हणाला.

"हाव. म्हून तर सावलीत उभं केलंय," गुणाबाई म्हणाली.

अंगावरचा चिखल वाळून तडकायला लागला तवा कुठं त्याची पाळी आली. बादली वर आली ती अर्धी, अन् त्यातबी गाळ. साहेब विहिरीत वाकून लई वेळ बघत राहिला.

इकडं संगप्पा दुकानाचं दार लावून आत लपलेला. जीपचा आवाज आला, तसं त्यानं फटीतून डोकावलं.

"भाईर या, आप्पा!" गुणाबाई ओरडली. "गुरुवारी मशीन येतंय!"

संगप्पा छाती काढून भाईर. "मी म्हणलं नव्हतं?"

"बोअरचं झालं," साहेब म्हणाला. "पण ती डोलकाठी मी स्वतः येऊन बसवीन. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही."

जीप गेली. सगळा गाव नाचून राहिला, एकटा ग्यानोबा फुगून बसला.

"बेज्जती हाय ही, आप्पा. साहेबाला म्हणावं, एकदा कोरड्यात चालवून बघ."