चौथा चौकोन

हितेशचं डोकं उठलं होतं ते चौथ्या चौकोनामुळे. मंचरच्या त्याच्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर होता आणि पडद्यावर चार कॅमेऱ्यांचे चार चौकोन. दुकान, गल्ला, गोदाम, आणि चौथ्यात वरच्या मजल्यावरची त्याची आई, झमकूबाई. उन्हाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली, तेव्हा हितेशनं तिच्या खोलीत कॅमेरा बसवला आणि आल्यागेल्याला कौतुकानं सांगत सुटला, आई दिवसभर माझ्या नजरेखाली असते. आज नेमका तोच चौकोन काळाठिक्कर.

जैनांचं पर्युषण चालू होतं. आईनं अठाई धरलेली, म्हणजे आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी, आणि आता तिला उभं राहिलं तरी गरगरत होतं. बायको नीलम जैन स्थानकात महाराजांच्या व्याख्यानाला गेलेली. खाली आठवडे बाजाराची गर्दी. एक जिना चढून बघून यावं, हे हितेशला सुचलं नाही असं नाही. पण आधी या यंत्राला ताळ्यावर आणतो, असा हट्ट त्याच्या डोक्यात शिरला होता.

त्यानं सोपानला फोन लावला. सोपान कळंबचा, कॅमेरे त्यानंच बसवलेले. तो बोरी गावात खांबावर चढला होता.

"भाऊ, सॉफ्टवेअर बंद करून चालू करा."

केलं. चौकोन काळाच.

"मग रिझोल्युशन बदलून बघा."

हितेशनं बदललं, तर उरलेले तीनही गेले. आता अख्खा पडदा काळा, समोर एक बाई पातेलं वाजवून बघतेय आणि हितेश दातओठ खातोय. सगळं पहिल्यासारखं करून त्यानं कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. तीन आले. चौथा ढिम्म.

"तुझा कॅमेरा आहे का डबडं?" तो फोनवर खेकसला.

"आवो, चांगला चालू व्हता की. रेकॉर्डिंग बघितलं का?"

त्यानं रेकॉर्डिंग मागं नेलं. आई पलंगावरून उठते. भिंतीला हात लावत लावत कडेला जाते, कॅमेऱ्यातून निम्मी बाहेर. आणि तिथंच अंधार.

गल्ला उघडा टाकून तो जिन्याकडे धावला.

आई खिडकीपाशी बसली होती. तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी, हातात माळ. सामायिकात, म्हणजे दोन घटकांच्या या जपध्यानात, तिला वीज चालत नसे, म्हणून भिंतीवरचा सगळा बोर्ड बंद. कॅमेऱ्याची वायर त्याच बोर्डावरून घ्यायला सोपानला हितेशनंच सांगितलं होतं. त्याच्या मनात राग मावत नव्हता. तो बटणाकडे वळला, तशी आईनं हातानं नको म्हटलं. सामायिकात ती बोलणार नव्हती. खालून गिऱ्हाइकं हाका मारत होती, पण तो भिंतीला टेकून बसून राहिला.

सामायिकाच्या दोन घटका सरल्या. आईनं मुहपत्ती सोडली.

"बोर्ड कशाला बंद केलास आई? माझा जीव जायची वेळ आली होती."

"सामायिकाला बसताना मी रोजच बंद करते," आई म्हणाली. "उन्हाळ्यापासून. तुला आज दिसलं?"