शांत खोलीची अट

"अत्तर लावलंस ना?" सासूबाईंनी मुहय्योला दारातच अडवलं. "आत किडे आहेत, त्यांना वास सोसत नाही. आधी गळा धुऊन ये."

मुहय्यो मुकाट्यानं नळावर गेली. फरगाना खोऱ्यातल्या या गावच्या शाळेत तिनं बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, पण सासू तुर्सुनोयबाईंपुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता. मे महिना चालू होता. घरातली मोठी खोली रेशीमकिड्यांना दिलेली आणि माणसं उरलेल्या दीड खोलीत दाटीवाटीनं राहत होती. गावात घरोघरी हीच तऱ्हा.

तिनं नोकरीसाठी अर्ज केलेल्या एका व्हिएतनामी शाळेच्या अटी फोनमध्ये होत्या. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी वेगळी, लांबलचक यादी. पदवी, तिचं शिक्क्यासकट भाषांतर, एकशेवीस तासांचा अभ्यासक्रम, ताश्कंदला जाऊन दिलेली परीक्षा, पोलिसांचा दाखला. सगळं तिनं दीड वर्षात जमवलं. राहिली होती शेवटची अट: व्हिडिओ कॉलवर एक नमुना पाठ द्यायचा, आणि तोही शांत खोलीत.

तिला एवढी धडपड कशासाठी, असं नवऱ्यानं एकदा विचारलं होतं. "मी आयुष्यभर इंग्रजी बोलले, पण मुलांनी पाठ केलेल्या उत्तराशिवाय मला कुणी उत्तर दिलं नाही हो," ती म्हणाली होती. त्यानंतर बिचाऱ्यानं विषय काढला नाही.

घरात शांत जागा एकच. किड्यांच्या खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नाही, परकं माणूस पाऊल टाकत नाही. मुहय्यो खिडकीपाशी बसली. तुर्सुनोयबाई पाला टाकायच्या निमित्तानं आतच रेंगाळल्या.

पडद्यावर डेसमंड नावाचे पिकल्या दाढीचे मुख्याध्यापक आले. नमस्कार झाला. चित्रांचे कागद हातात घेऊन मुहय्यो पाठ सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तिकडे पाऊस पडतोय का?"

तिनं बाहेर पाहिलं. लख्ख ऊन. आणि मग तिच्या ध्यानात आलं. हजारो किडे तुतीची पानं कुरतडत होते. त्या आवाजात सगळं गाव लहानाचं मोठं झालेलं, त्यामुळे तो कुणाला ऐकूच येत नसे. शेवटची अट तिनं स्वतःच्या हातानं मोडली होती.

"माफ करा," ती म्हणाली. "हा पाऊस नाही. रेशमाचे किडे जेवतायत."

"किती आहेत?"

"चाळीसेक हजार."

डेसमंडनी कानावरचे हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट दाबले, डोळे मिटले आणि नुसते ऐकत राहिले. मुहय्योचं एक वाक्य एवढा मुलूख ओलांडून गेलं होतं आणि तिकडे एका माणसाचा चेहरा बदलला होता. ही भाषा खरोखरच चालते, हे तिनं बावीस वर्षं नुसतं फळ्यावर लिहिलं होतं. आज तिनं ते पाहिलं.

"मला ते बघायला मिळतील का?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय म्हणतोय गं तो?" मागून सासूबाई.

"किडे दाखवता का म्हणतात, आई."

"परक्याची नजर? आणि ऐन भरात आलेले असताना?" तुर्सुनोयबाई थोडा वेळ त्या दाढीकडे बघत राहिल्या. "माणूस भला दिसतोय. दाखव. पण आधी माशाल्ला म्हणू दे त्याला."

मुहय्योनं समजावलं. नवल वाटलं की आमच्याकडे हा शब्द म्हणतात, म्हणजे दृष्ट लागत नाही. डेसमंडनी शब्द उच्चारला. सासूबाईंनी मान हलवली. "जीभ जड आहे. पुन्हा." तिसऱ्या खेपेला त्या "पास झाला" म्हणाल्या, आणि मुहय्योनं फोन किडे पसरलेल्या मांडणीवरून हळूहळू फिरवला. मग डेसमंड एकेक विचारत गेले आणि ती सांगत गेली. अंडी उबवायची कशी, किडे चारदा कात कशी टाकतात, कोष विणायला फांद्या केव्हा ठेवायच्या. चित्रांचे कागद मांडीवर तसेच राहिले. "हाच तुमचा पाठ होता," शेवटी डेसमंड म्हणाले. "इतका चांगला पाठ मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता."

उत्तर आलं ते आठ दिवसांनी. तोवर किडे फांद्यांवर चढून कोष विणायला लागले होते आणि खोली आता खरोखरच शांत झाली होती. सासू-सून गळालेली पानं झाडत होत्या.

"काय लिहिलंय?"

"नाही म्हणतात. डेसमंडनी माझ्यासाठी भांडून पाहिलं. पण तिथल्या पालकांना जन्मापासून इंग्रजी बोलणारीच बाई हवी आहे."

तुर्सुनोयबाईंनी झाडू खाली ठेवला. "जन्मापासून बोलायला काय लागतं? मीही बोलते आपली भाषा."

मुहय्योला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"बस इथं," सासूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी त्याला काय काय सांगितलंस, ते मला सांग. त्याच्याच भाषेत सांग."

"तुम्हाला कळणार नाही, आई."

"तू सांग."

मुहय्यो बोलू लागली. सुरुवातीला अडखळली, मग अंड्यांपासून फांद्यांपर्यंत सगळं सांगत गेली. तुर्सुनोयबाईंनी ओच्यात हात घेऊन, एक शब्दही न कळता, ते शेवटपर्यंत ऐकलं. मग सुनेकडे बघत त्या पुटपुटल्या, "माशाल्ला."