माझ्या तोंडावरची चिकटपट्टी

माझी पणजी म्हणजे डॉक्टरांच्या गळ्यातली रबराची नळी. आजी टेबलाएवढी लोखंडी पेटी होती. तिच्या काचेवर हिरवी रेघ धावे आणि तिला उचलायला दोन माणसे लागत. आई भिंतीवर बसली, रंगीत झाली आणि माणसांच्या इस्पितळात आयुष्यभर मिरवली. मित्रांनो, मी त्यांच्या घराण्यातली एक जुनी, मुठीत मावणारी मॉनिटर आहे आणि माझे रुग्ण चार पायांचे आहेत. नीट बसा आणि ऐका.

माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यात झाला. शेजारच्या शेडमध्ये गाड्यांचे हॉर्न बनत. ते जन्मभर विनाकारण वाजतात, पण त्यांच्या तोंडाला कोणी पट्टी लावत नाही.

पिंपळे सौदागरला एका सोसायटीच्या तळमजल्यावर डॉ. शुभदा यांचा जनावरांचा दवाखाना आहे. तिथे मी रुजू झाले. भूल दिलेल्या जनावराच्या जिभेला माझी चिमटी लावतात आणि मी त्याची नाडी व रक्तातला प्राणवायू आकड्यांत दाखवते. माझा दिवा निळा झाला तर अडचण माझी आहे: चिमटी सुटली, जीभ कोरडी पडली किंवा बॅटरी उतरली. पिवळा झाला तर वळून जनावराकडे बघावे. लाल झाला तर हातातले सोडून धावावे. बालवाडीतल्या मुलाला चौकातला सिग्नल कळतो. पदव्या भिंतीवर टांगणाऱ्यांना मात्र माझ्या अंगावरची एकच खूण दिसते, घंटा बंद करायची.

एकदा माझी बॅटरी दम धरेना. एक विक्रेता चकचकीत यंत्र घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, हा डबा द्या, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." डबा! डॉ. शुभदा म्हणाल्या, "हिनं मला आजवर फसवलेलं नाही. बॅटरी तेवढी नवी घालू." त्या वाक्याचे ऋण माझ्यावर राहिले. आमच्या घराण्यात कोणाचे काही ठेवून घेत नाहीत.

पुढे दवाखान्यात डॉ. केयूर नावाचे तरुण सहायक आले. त्याच सुमारास वरच्या मजल्यावरचे मधुसूदनराव सोसायटीचे सेक्रेटरी झाले. दुपारची झोप हे त्यांचे जीवितकार्य होते. एके दिवशी ते लुंगीवरच खाली आले.

"अहो, काय हे टूं टूं? माणसं राहतात इथं!"

"करतो काहीतरी, काका," केयूर म्हणाले, आणि जखमेवर लावायची चिकटपट्टी त्यांनी माझ्या स्पीकरवर डकवली. विद्येचा केवढा हा उपयोग!

काही दिवसांनी मधुसूदनरावांच्याच बर्फीने, म्हणजे त्यांच्या पांढऱ्या मांजरीने, राखीचा रेशमी गोंडा गिळला. तो आतड्यात अडकला. भर दुपारी तिला टेबलावर घेतले. डॉ. शुभदा पोट उघडत होत्या आणि माझ्यावर लक्ष ठेवायला केयूर होते. मी लगेच पिवळी झाले. त्यांनी न बघताच मला गप्प केले. मी पुन्हा वाजले.

"आवाज दबका का येतोय?" डॉ. शुभदांनी मान वर न करता विचारले.

"पट्टी लावलीय, मॅडम. वरचे काका ओरडतात. आणि ही बिघडलीय बहुतेक, नाडी एकशे सत्तर दाखवून बोंबलतेय."

"टेबलावर कोण आहे?"

"मांजर."

"मांजराला एवढी असतेच. तू मशीनला काय सांगितलंयस?"

केयूरनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले. पडद्यावर कुत्र्याचे चित्र होते. सकाळच्या लॅब्रॅडॉरच्या मर्यादेने मी मांजर मोजत होते! त्यांचे कान लाल झाले.

"बदल ते. आणि आधी पट्टी काढ."

त्यांनी पट्टी ओढली, मांजराचे चित्र निवडले आणि मी शांत झाले. मग जिभेवरची चिमटी नीट दिसावी म्हणून त्यांनी बर्फीची मान वळवली. तिच्या श्वासनलिकेतली नळी मुडपली. प्राणवायूचा आकडा घसरू लागला. मी लाल झाले आणि गळा मोकळा करून ओरडले.

"चिमटी सुटली असणार," म्हणत केयूरचा हात सवयीने घंटेकडे गेला.

"हात मागे! तिच्या हिरड्या बघ!"

हिरड्या निळसर पडल्या होत्या. केयूरनी नळी चाचपली, मुडपलेली जागा शोधली आणि मान सरळ केली. छाती पुन्हा भरून वर आली. माझा आकडा चढत गेला आणि मी थांबले.

तोच दारावर थापा पडल्या.

"डॉक्टर! आवाज का थांबला? अहो, बंद का केलात? वाजू द्या हो, वाजू द्या तिला!"

"काका, बर्फी बरी आहे म्हणून थांबला," डॉ. शुभदा आतून म्हणाल्या. "आता जाऊन झोपा."

मधुसूदनराव गेले नाहीत. गोंडा निघेपर्यंत ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले, आणि मी निळी होऊन नुसती टूं केले तरी दचकून उठत होते.

मित्रांनो, माझी घंटा जरूर दाबा. पण त्याआधी मान वळवून जनावराकडे बघा. एवढीही तसदी ज्यांना जड वाटते त्यांनी हॉर्न विकावेत.

बर्फी शुद्धीवर आली तेव्हा डॉ. शुभदांनी माझ्या स्पीकरवरचा पट्टीचा चिकटा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढला. "हिनं आजही फसवलं नाही," असे त्या केयूरना म्हणाल्या आणि मला खणात न टाकता टेबलाजवळ, हाताशी ठेवले. त्यांचे ऋण मी पुरते फेडले.